कोणी न ऐकलेला मजकूर

ब्रानेवाक, ४ मार्च

अवदिया,

सहा वर्षांनी माझं पत्र आलं म्हणजे घरात कोणीतरी गेलं असणार, असं समजून तू हे उभ्याउभ्याच फोडलं असशील. बस खाली. कोणी गेलेलं नाही. आई एकोणऐंशीची झाली, ठणठणीत आहे. गाय विकली. हाजी झुल्फो अजून मशीद समितीचा अध्यक्ष आहे. म्हणजे जायचं ते गेलं आणि जायला हवं होतं ते जागेवर आहे.

फोन करत नाही, कारण फोनवर तुझं काय होतं ते मला माहीत आहे आणि माझं काय होतं ते तुला. तुझा शब्द निघत नाही, माझा थांबत नाही. कागदावर आपण दोघे भाऊ सारखे.

तर कामाचं बोलतो. आपल्या नव्या मशिदीत कोणाला काही कळत नाही.

आवाज येतो, भरपूर येतो. आपले इमाम नेजाद एफेंदी कुराण म्हणायला लागले की घुमट असा भरून येतो की जर्मनीहून सुट्टीला आलेली मंडळी डोळे पुसतात आणि मोबाइलमध्ये भरून घेऊन जातात. पण तेच एफेंदी शुक्रवारी प्रवचनासाठी मिंबरच्या पायऱ्या चढून आपल्या साध्या भाषेत चार गोष्टी सांगायला लागले, की पहिलं वाक्य वर जातं, तिथे त्याला दुसरं भेटतं, तिसरं त्या दोघांना ओलांडायला बघतं, आणि खाली येतं ते कढईत रात्रभर ढवळलेल्या आलुबुखारांसारखं. गोड, दाट, आणि त्यातलं एक फळ वेगळं काढून दाखव म्हटलं तर दाखवता येत नाही.

मशीद उघडून तीन वर्षं झाली. तीन वर्षांत याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही, कारण प्रत्येकाला वाटलं की आपलेच कान गेले. आणि कान गेले हे ब्रानेवाकमध्ये कोण कबूल करणार? झेनित्सातल्या कानाच्या डॉक्टरकडे गेल्या वर्षभरात आपल्या गावचे चौदा पुरुष जाऊन आले, प्रत्येक जण बायकोला दातांचं सांगून. डॉक्टरने चौदाव्याला विचारलं म्हणे, "तुमच्या गावात आहे तरी काय? सगळ्यांचे कान उत्तम, आणि सगळे माझ्यावर नाराज होऊन जातात." तो चौदावा मी होतो.

हे फुटलं ते मौलूदच्या, पैगंबरांच्या जन्माची गाणी गायच्या दिवशी. शुक्रवारी एफेंदींनी मिंबरवरून जाहीर केलं होतं की यंदाचा मौलूद आपल्याकडे नाही, ओराखोवोला आहे. रविवारी सकाळी नऊला शाळेपाशी बस उभी राहील. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी सर्वांत जास्त. रविवारी नऊला बसमध्ये दोन माणसं चढली, एफेंदी आणि ड्रायव्हर. आणि अकरा वाजता सगळं गाव नेहमीप्रमाणे आपल्याच मशिदीच्या अंगणात, हातात हलव्याची ताटं, पालक भरलेल्या पिटा, अंगावर इस्त्रीचे कपडे. दार बंद.

एफेंदींचा फोन आला हाजी झुल्फोला. "हाजी, आहात कुठे? इथे ओराखोवोचे लोक विचारताहेत, तुमच्या गावात पटकी आली का?"

हाजीने फोन कानाशी घट्ट धरला, घसा साफ केला आणि म्हणाला, "मी ऐकलं होतं बरं का. मी म्हटलं, आधी इथे जमू आणि मग सगळे एकदम निघू."

"बस नऊला होती, हाजी."

"तेही ऐकलं होतं."

मग जो तो म्हणायला लागला की मीही ऐकलं होतं. चाळीस माणसं, सगळ्यांनी ऐकलेलं, आणि चाळीसच्या चाळीस चुकीच्या गावात उभी. शेवटी झुम्रा-बुलांनी, ज्यांनी तुला-मला कानाला धरून कुराणाच्या पहिल्या आयती शिकवल्या त्याच, हलव्याचं ताट भिंतीवर आपटून ठेवलं. "पुरे! वर बायकांच्या सज्ज्यात तीन वर्षांत आम्हाला एक वाक्य कळलेलं नाही. खाली तुमच्या पाठी हलल्या की आम्ही आमीन म्हणतो."

कोणीतरी मागून म्हणालं, "आणि आम्ही एफेंदींचे ओठ थांबले की म्हणतो."

तर अशी परिस्थिती आहे. ऐकतो की तू तिकडे येसेनित्सेला नाट्यगृहांना आतून लाकूड बसवणाऱ्या कंपनीत आहेस आणि आवाजाचा मोठा जाणकार झाला आहेस. दोन ओळी लिहून काय करायचं ते कळव. त्या सभेत जे झालं ते झालं. गावच्या सभांमध्ये काय काय होतं. तू मनाला लावून घेतोस हा तुझा जुना स्वभाव.

तुझा
रमिझ

*

ब्रानेवाक, २९ मार्च

अवदिया,

उत्तर आलं नाही. मी तुझ्या जागी असतो तर मीही दिलं नसतं. त्या पत्राची शेवटची तीन वाक्यं मी पाठवल्यावर चार दिवसांनी मनातल्या मनात वाचली आणि पोस्टात जाऊन विचारलं, पाठवलेलं पत्र परत मिळतं का. काउंटरवरची बाई म्हणाली, "मिळत नाही. म्हणून तर लोक पाठवायच्या आधी वाचतात."

आज एक झालं ते सांगतो आणि मग उरलेलं सांगतो.

घुमटाला आतून ओल आली आहे, किब्ल्याच्या, मक्केकडच्या बाजूला वर. मी परांची बांधून तिथे पांढरा रंग देत होतो. दुपार होती, मशीद रिकामी. तेवढ्यात खाली दार वाजलं आणि आई आली. आई शुक्रवारी येत नाही आता, दोन वर्षं झाली. म्हणते, तिथे बसलं की विहिरीत बसल्यासारखं वाटतं. पण रिकाम्या मशिदीत येते. तिथे तिला कोणाचं ऐकून घ्यायचं नसतं. ती सावकाश जिना चढून वर सज्ज्यात जाऊन बसली. मी परांचीवर उताणा पडलो होतो, तिला दिसलो नाही. हाक मारणार होतो.

पण ती कुजबुजायला लागली, आणि अवदिया, ती माझ्यापासून दहा पावलं लांब, उलट्या बाजूला, माझ्याकडे पाठ नव्हती एवढंच. आणि तिचा शब्द न् शब्द माझ्या कानात, जणू उशीवर शेजारी डोकं ठेवून बोलते आहे. घुमटाने तो उचलला आणि नेमका माझ्या कानात आणून टाकला. ज्या घुमटाला खालच्या चाळीस माणसांना एक वाक्य पोहोचवता येत नाही, त्याला आईची कुजबुज मात्र मला पोहोचवता आली.

ती म्हणाली, "या अल्ला, माझे दोन मुलगे. एकाला दिलीस ती जीभ अडते आणि दुसऱ्याला दिलीस ती चावते. मोठ्याला घरी आण. आणि धाकट्याला लाज वाटू दे. एकदाच वाटू दे, पण मी आहे तोवर वाटू दे."

मग तिने तोंडावरून हात फिरवले आणि गेली. मी तसाच पडून राहिलो. रंग ब्रशवर वाळून गेला.

मला वाटत होतं, आईला माहीत नाही. त्या नोव्हेंबरच्या सभेत बायका नव्हत्या, आणि मी घरी येऊन तिला सांगितलं होतं की अवदिया घुमटावरून हाजीशी भांडला आणि तापट डोक्याने निघून गेला. सहा वर्षं मी तिला हेच सांगतो आहे. ती सहा वर्षं "हं" म्हणते आहे.

तर जे झालं ते पहिल्यांदाच लिहून काढतो, म्हणजे त्यात मला कुठे विनोद घालता येतो का ते तुला दिसेल.

तू दोन पानं लिहून आणली होतीस. घुमट नको, जुन्या मशिदीसारखं लाकडाचं सपाट छत ठेवा, असं त्यात होतं. चौकोनी खोली, उघड्या काँक्रीटच्या भिंती आणि वर अर्धा गोल, म्हणजे आवाज बाहेर जायला वाट नाही. तो मधोमध गोळा होणार, फिरत राहणार, आणि मागचा शब्द पुढच्या शब्दाला चिरडणार. हाजीला घुमट हवा होता, कारण ओराखोवोला घुमट आहे. ते कागद तू माझ्या हातात दिलेस आणि म्हणालास, "त... तू वाच." बाकी काही म्हणाला नाहीस. मी दीड पान नीट वाचलं. लोक ऐकत होते, अवदिया. हाजीसुद्धा. मला ते सहन झालं नाही. माझं बोलणं लोक हसून ऐकतात, असं गप्प राहून कोणी कधी ऐकलेलं नाही.

मग मी कागद खाली केला आणि म्हणालो, "मंडळी, म्हणजे घुमटाखाली एक शब्द चारदा ऐकू येणार. थोडक्यात सांगायचं तर आपण सगळेच अवदियासारखे बोलायला लागणार." आणि मग तुझी नक्कल केली. म-म-म-मंडळी. इतकी हुबेहूब की शाळेच्या चौकीदारालाही हसू आवरेना.

जुन्या मशिदीत वीस वर्षं अजान तू दिलीस. अजान देताना तू एकदाही अडखळला नाहीस. हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. तू टोपी घेतलीस आणि गेलास, आणि मंगळवारच्या बसने स्लोव्हेनिया.

आणखी एक. घुमटाला आतून ऑइल पेंट मीच दिला. तीन हात, चकचकीत. हाजीला पुसता येणारा हवा होता. तेवढं तरी मी नको म्हणायला हवं होतं.

उत्तर दे असं म्हणत नाही.

रमिझ

*

ब्रानेवाक, २० एप्रिल

अवदिया,

पाकीट मिळालं. दोन पानं, दोन्ही आकृत्यांची. सलाम नाही, सही नाही. पण त्यातला सातचा आकडा मी ओळखतो, लहानपणापासून तू त्याच्या पोटात काठी घालतोस. आईला पाकीट दाखवलं. तिने आकृत्यांची पानं उलटी धरून पाचेक मिनिटं बघितली आणि म्हणाली, "जेवतोय नीट. हात थरथरलेला नाही."

मापं आणि सूचना सोडल्या तर तुझं एकच वाक्य होतं. "रंगाने फारसा फरक पडत नाही. आकाराने पडतो." हे मी सातदा वाचलं. समजूत काढली आहेस की माझा रंग कुठे मोजण्याइतकाही महत्त्वाचा नाही म्हणालास, ते ठरवता आलं नाही. दोन्ही चालेल.

तू विचारलेली मापं मागच्या पानावर आहेत. खोली अकरा मीटर चौरस, घुमट दहा मीटरचा, वरच्या टोकापर्यंत बारा. गालिचा पातळ, कंपनीचा. स्पीकर आठ. तू दोन ठेवायला सांगितलेस, बाकी बंद. हाजीला हे समजावणं सोपं गेलं नाही. त्याचा हिशेब सरळ आहे: ऐकू येत नाही, तर आवाज वाढवा, तरी येत नाही, तर आणखी एक स्पीकर लावा. मी म्हटलं, "हाजी, आठ बायका एकदम भांडत असतील तर नवव्या बाईने ओरडून काय होणार?" म्हणाला, "माझ्या घरी तरी होतं."

तू सांगितलेली फुग्याची चाचणीही केली. एफेंदींनी मिंबरखाली फुगा फोडला, मी घड्याळ धरलं. सहा सेकंद. सहा सेकंद तो फुगा फुटतच होता. हाजी दारातून आत येत होता, तो पहिल्या सेकंदाला जमिनीवर आडवा झाला आणि सहाव्याला मरणाचा कलमा म्हणून मोकळा.

मग कागदांची चाचणी. तू लिहिलंस ते मी एफेंदींना वाचून दाखवलं: "प्रार्थना किंवा खुतब्याच्या प्रवचनातली नेहमीची वाक्यं वाचू नका. जे पाठ असतं ते माणसाला कुठेही ऐकू येतं. लोकांनी कधीच न ऐकलेला मजकूर वाचा, वाक्य तोडून, प्रत्येक तुकड्यानंतर थांबून. वर बसलेल्यांनी जे ऐकू आलं तेच लिहायचं." एफेंदींनी तो कागद माझ्याकडून घेऊन स्वतः वाचला. मग म्हणाले, "म्हणजे रमिझ, तीन वर्षं लोक माझं जे ऐकत होते, ते त्यांना आधीच येत होतं." मला त्यांची दया आली. चांगला माणूस आहे, गुरुवारभर बसून खुतबा लिहितो.

मजकूर म्हणून ट्रॅक्टरची पुस्तिका घेतली. रविवारी दुपारी एकतीस बायका पेन्सिली घेऊन सज्ज्यात, आणि एफेंदी, डोक्यावर पांढरी पगडी, गंभीर आवाजात: "गियर बदलण्यापूर्वी... क्लच पूर्ण दाबावा..." वरून अर्धा तास फक्त पेन्सिली कुरतडल्याचा आवाज. एकतीसपैकी सत्तावीस कागद कोरे. तिघींनी काहीतरी लिहून खोडलं होतं. एकीने लिहिलं होतं, "आमीन."

कागद सोबत पाठवतो.

आई चाचणीला आली नाही. मी बोलावलं तर म्हणाली, "ट्रॅक्टर ऐकायला? आपल्याकडे ट्रॅक्टर नाही."

रमिझ

*

ब्रानेवाक, २ जून

अवदिया,

काम संपत आलं आहे. तुझ्या चौथ्या पाकिटातल्या आकृतीप्रमाणे मागच्या भिंतीला लाकडाच्या पट्ट्या, मध्ये बोटभर फटी, आणि पट्ट्यांच्या मागे लोकर. लोकर आपल्याच मेंढ्यांची, झुम्रा-बुलांनी बायकांकडून धुऊन, वाळवून, पिंजून घेतली. मिंबरच्या वर लाकडी फळी, तू लिहिलास तेवढ्याच कलाने पुढे झुकलेली. तिथून एफेंदींचा शब्द वर जायच्या आधी लोकांकडे वळतो. आणि घुमटाला आतून तू कळवलास तो जाड, सच्छिद्र गिलावा. तो मी दिला. माझ्या ऑइल पेंटवर चिकटेना म्हणून आधी तीन हात रंग खरवडून काढला, परांचीवर उताणा पडून, एकोणीस दिवस. डोळ्यात पडलेल्या प्रत्येक कपचीबरोबर मी स्वतःशी बोलायचो आणि घुमट मला उत्तर द्यायचा. आता देत नाही. जसजसा गिलावा चढत गेला तसतसा तो गप्प होत गेला. शेवटच्या दिवशी मी वर शिंकलो आणि ती फक्त एक शिंक होती.

हाजी मध्ये अडून बसला होता. "घुमट म्हणजे गावाची शान. तिला आतून गोधडी पांघरायची? ओराखोवोचे लोक काय म्हणतील?"

झुम्रा-बुला म्हणाल्या, "काय म्हणतील ते निदान या वेळी ऐकू तरी येईल."

"बुला, तुम्ही या बांधकामाच्या गोष्टींत..."

"मी तुला अलिफ-बे शिकवलंय, झुल्फो. 'ते' या तिसऱ्या अक्षराच्या पुढे तू कधी गेला नाहीस. बाजूला हो."

तो बाजूला झाला. पण रागाने नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लोकरीची पोती उचलायला आला होता, अडुसष्टाव्या वर्षी, टाय लावून.

एका आकृतीच्या कडेला तू पेन्सिलीने लिहिलं आहेस: "सज्ज्यासमोरची जाळी विरळ करा. आई उजव्या कोपऱ्यात बसते." सहा वर्षांत तू पाठवलेल्या कागदांत घरातल्या माणसाचं नाव पहिल्यांदा आलं. जुन्या मशिदीतला तिचा कोपरा तू विसरलेला नाहीस, आणि नव्यातही ती तिथेच बसते. मी ती जाळी स्वतः कापली. उजवा कोपरा जरा जास्तच विरळ झाला आहे.

तू ये असं मी लिहीत नाही. तू आलास तर समोर उभा राहून मी काय बोलेन याचा भरवसा मला नाही. तोंड उघडलं की आधी विनोद बाहेर पडतो. पण परीक्षेचा दिवस २३ जून, रविवार, दुपारच्या नमाजानंतर.

रमिझ

*

ब्रानेवाक, २४ जून

अवदिया,

तू आला नाहीस. शाळेपाशी दोन बस बघितल्या. ठीक आहे.

काल काय झालं ते लिहितो, घाईत लिहितो, कारण आज दुपारी पाकीट जायला हवं.

फुगा आधी. दीड सेकंद. एफेंदींनी दुसरा फोडून बघितला, विश्वास बसेना. पुन्हा दीड. हाजी या वेळी दोन्ही कानांत बोटं घालून आधीच भिंतीला टेकला होता.

मग बायका वर गेल्या. बत्तीस. बत्तिसावी आई. काळा रुमाल, हातात माझ्या अवजारांच्या पेटीतली सुताराची जाड पेन्सिल, उजवा कोपरा. खाली पुरुष, पहिल्यांदाच सगळे पुढे बसायला तयार, एरवी मागे खांबाला टेकायची चढाओढ असते.

एफेंदींनी पुस्तिका उघडली, आणि पहिली अडचण तिथेच आली. गेले दोन महिने गावाला दुसरा विषय नाही; चहाच्या टपरीवर लोक एकमेकांना म्हणतात, गियर बदलण्यापूर्वी क्लच पूर्ण दाबावा. अख्खी पुस्तिका गावाला पाठ. वरून झुम्रा-बुला ओरडल्या, "एफेंदी, हे आम्हाला येतं! न ऐकलेलं वाचा!" आणि अवदिया, वरून त्या ओरडल्या ते खाली शेवटच्या ओळीपर्यंत लख्ख ऐकू आलं. माणसं माना वळवून वर बघायला लागली. तीन वर्षं त्यांच्या डोक्यावर बायका बसल्या होत्या आणि त्यांना आवाज आहे हे पहिल्यांदा कळत होतं.

एफेंदी गोंधळले. "आता न ऐकलेलं काय आणू मी?"

हाजी उठला. "मी माझ्या हजची हकीकत सांगतो."

"ती झेनित्सापर्यंत ऐकलेली आहे, हाजी! खाली बस!" मागून कोणीतरी ओरडलं.

हशा झाला. तो ओसरला तेव्हा मी उभा होतो. उठायचं ठरवलं नव्हतं. एफेंदींना म्हणालो, "माझ्याकडे आहे एक. या गावाने माझ्या तोंडून कधी ऐकलेलं नाही असं." ज्या उंच खुर्चीवरून ते रमजानमध्ये धडे देतात ती त्यांनी मला दिली. लोकांनी आधीच हसू तयार ठेवलं होतं. रमिझ खुर्चीवर चढला म्हणजे हसायचं, हे त्यांना पाठ आहे.

मी बोललो ते असं:

सहा वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये. शाळेतल्या सभेत. माझ्या भावाने मला दोन पानं वाचायला दिली. त्याला वाटलं, माझा आवाज तो त्याचाच आवाज. मी दीड पान वाचलं. उरलेल्या अर्ध्या पानाच्या जागी मी त्याची नक्कल केली. तुम्ही हसावं म्हणून केली. तुम्ही हसलात. अवदियाचं म्हणणं बरोबर होतं. पण ते चुकीचं असतं, तरी मी केलं ते नीचपणाचंच होतं. घरी जाऊन मी आईला खोटं सांगितलं. मी त्याची माफी मागतो. तिची मागतो.

तुझ्या सूचनेप्रमाणे प्रत्येक तुकड्यानंतर थांबलो. खरं सांगायचं तर सूचना नसती तरी थांबलो असतो. शब्द येत नव्हता. "नक्कल" या शब्दापाशी तर मी तीनदा तोंड उघडून मिटलं. आणि वरून एकही बाई "पुढे?" म्हणाली नाही. फक्त एकदा कोणीतरी हळूच म्हणालं, "जरा थांब रे, माझं टोक मोडलं."

मी थांबलो. तिने टोक काढलं. मी पुढचं बोललो.

शेवटी सगळं शांत झालं, आणि त्या शांततेत हाजी झुल्फो शेजारच्याच्या कानाशी पुटपुटला, "सर्वांत मोठ्याने मी हसलो होतो." त्याला वाटलं पुटपुटला. सवय जुनी, तीन वर्षं या खोलीत माणूस काहीही बोलून निभावून नेत होता. मी मान वर केली तर सज्ज्यात एकतीस पेन्सिली चालत होत्या. एकोणीस कागदांवर ते वाक्य आहे, तू बघशीलच. "हाजी: सर्वांत मोठ्याने मी हसलो होतो." मग चौकीदार म्हणाला की मीही, आणि मग एकेक जण. एफेंदींना शेवटी हात वर करावा लागला, बायकांचा कागद संपला म्हणून.

तू टक्केवारी मागितली होतीस. ती मी काढलेली नाही. माझं स्वतःचं वाक्य कोणाच्या कागदावर बरोबर आणि कोणाच्या चूक, हे तपासायला मी बसलो तर मला पुन्हा ते विनोदासारखं वाचता येईल अशी भीती वाटते. बत्तीस कागद आहेत तसे पाठवतो आहे. तू काढ. तू न येता पाठवलेल्या मापांनी एवढं सगळं झालं. आता हे तुझ्या टेबलावर येऊ दे. त्याचं काय करायचं ते तू ठरव. मला लिही, लिहू नकोस, यायचं तर ये. यापुढे तू मनाला लावून घेतोस असं मी म्हणणार नाही. लावून घेण्यासारखंच होतं.

एक कागद मी वर ठेवला आहे, तो आईचा. कोरा आहे. मी तिला विचारलं, "आई, तुला ऐकू आलं नाही? उजवा कोपरा तर मुद्दाम मोकळा केला होता."

ती म्हणाली, "आलं की. शब्द न् शब्द आला. पण मी लिहून कशाला ठेवू? मी काय विसरणार आहे?"

तेव्हा हिशेब करताना तो कागद शून्य धरू नकोस.

रमिझ